घड्यांचे फोटो काढणारे सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. चामोर्शीच्या माझ्या स्टुडिओत एक मुलगी पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसली होती आणि मी तिला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगत होतो. फोनवर भाऊंची मुलगी प्रज्ञा होती, गडचिरोलीच्या दवाखान्यातून. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली आणि मग कितीतरी वेळ नुसता मागचा गलका ऐकू येत राहिला... मी त्या मुलीचा फोटो काढला. हात आपोआप चालले. ती गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि शेजारच्या, भाऊंच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. तीन दिवसांपूर्वी ताप आला म्हणून भाऊ स्वतःच्या पायांनी एसटीत चढले होते. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली होती, "विलास, एक फोटो पाहून जा बाबू." मी एका लग्नाच्या अल्बममध्ये गुंतलो होतो. "उद्या पाहतो, भाऊ," म्हणालो. त्या फोटोत त्यांना काय दाखवायचं होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, बॅनरसाठी फोटो हवा होता आणि तो माझ्याकडे असणारच असं सगळ्यांनी धरलं होतं. सव्वीस वर्षं एका भिंतीला लागून दुकानं. मी फोटोवाला, ते घडी, म्हणजे मनगटी घड्याळ, दुरुस्त करणारे. मी सगळा संगणक पालथा घातला. भाऊंचा एकही नीट फोटो नव्हता. रोज दिसणाऱ्या माणसाचा फोटो काढायचं सुचतच नाही. शेवटी प्रज्ञाने त्यांचा फोन आणून दिला. त्यात फोटोच फोटो, सगळे मनगटी घड्यांचे. अगदी सुरुवातीच्या, बिघडलेल्या काही फोटोंत मात्र भाऊ सापडले. घडीच्या काचेवर पडलेलं त्यांचं प्रतिबिंब... टक्कल, चष्मा, दोन्ही हातांत धरलेला फोन. काचेवर आपण दिसू नये म्हणून त्यांनी पुढे किती धडपड केली होती! ते बॅनरवर लावण्यासारखं नव्हतं. आम्ही आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. तो त्यांच्यासारखा दिसतही नव्हता.

हे फोटोंचं वेड त्यांना एका अपमानातून लागलं. सोमवारचा बाजार होता. एक गृहस्थ दुकानासमोर उभा राहून मोठमोठ्याने ओरडू लागला की, माझ्या घडीतली चांगली मशीन काढून घेतली आणि भंगार बसवलं. बाजारातली माणसं थांबून पाहू लागली. भाऊंना भांडता येत नसे. त्यांचे हात त्याआधी वर्षभरापासून थरथरू लागले होते. त्या दिवशी इतके थरथरले की ती घडी त्यांच्या हातून टेबलावर पडली आणि त्या माणसाला आणखी जोर चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. मुलीने दिलेला फोन त्यांच्या खिशात होता. स्टुलावर बसून म्हणाले, "मले फोटो काढाले शिकव. घडी आली की पहिले फोटो. वरून, मागून, आतून. मंग बोलाले कोणाले जागा नाई."

मला वाटलं, पंधरा मिनिटांचं काम. पण घडीचा जवळून फोटो काढणं म्हणजे वैताग असतो हे मलाही तेव्हाच समजलं. फोन जवळ नेला की त्याचीच सावली पडे, काचेत छताचा पंखा दिसे, आकडे वाकडे होत. आणि भाऊंचे हात स्थिर राहत नसत. मग आम्ही एकेक गोष्ट शोधत गेलो. ट्यूबलाइट बंद. टेबल खिडकीपाशी, पण ऊन थेट पडणार नाही असं. काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून तो फोनपुढे धरायचा, म्हणजे काचेवर काही उमटत नाही. फार जवळ जायचं नाही. वीतभर लांब राहून मग झूम करायचं. डायलवर बोट दाबून धरायचं, फोकस तिथेच थांबतो. बिस्किटांच्या दोन सारख्या डब्यांवर फोन आडवा ठेवायचा आणि टायमर लावून हात मांडीवर ठेवायचे. टायमरची ही सोय सापडली तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. "म्हणजे फोटो निघून राह्यला तवा मी कांपलो तरी चालते!"

घडीखाली ते एक चिठ्ठी ठेवत. मालकाचं नाव, गाव, काय बिघडलं. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणत, म्हणजे डायलवरचं काही झाकलं जात नाही. मशीन उघडली की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक 'सु' आणि पुढे नंबर कोरायची त्यांची जुनी सवय होती, त्याचाही फोटो. पुराव्यासाठी सुरू झालेलं हे काम हळूहळू त्यांच्या जिवाभावाचं होऊन बसलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला बोलावत आणि फोटो मोठा करून दाखवत. "हे पाय. काचेवर सारे चरे एकाच बाजूनं. हा धान कापणारा हाये, विळ्याचा हात." किंवा, "पट्ट्याले चुना लागला हाये, तंबाखूचा खर्रा घोटते हा." ज्या डोळ्यांना सुईचं टोक दिसेनासं झालं होतं त्यांना फोनवर धुळीचा कण दिसत होता. एकदा म्हणाले, "चाळीस वर्सं घड्या उघडल्या रे, पण पाह्यल्या आत्ता."

पोंभुर्ण्याकडच्या कमलाबाई आल्या तो दिवस मी विसरू शकत नाही. त्यांचा नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला तो परतलाच नव्हता. दोन वर्षं झाली होती. एक पोलीस शिपाई त्यांच्याबरोबर होता. नदीपलीकडच्या, तेलंगणातल्या एका ठाण्यात बेवारस सापडलेल्या माणसाची घडी ठेवलेली होती आणि तिचा फोटो शिपायाच्या फोनवर आला होता. फ्लॅश मारलेला, काचेवर नुसता पांढरा डाग. "अशीच होती," कमलाबाई म्हणाल्या, "पण अशा तं लय असतेत ना, भाऊ." गावाहून निघायच्या आधी नवऱ्याने घडीत सेल टाकून घेतला होता, आणि तो भाऊंकडे, म्हणून त्या आल्या होत्या. भाऊंनी फोनमध्ये शोधलं. चिठ्ठी, नाव, गाव, सगळं सापडलं. तो फोटो लख्ख होता. पण शिपायाजवळच्या फोटोत ताडून पाहण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

"झाकण खोलाले सांगा," भाऊ शिपायाला म्हणाले, "आत माह्या नंबर असंल." शिपायाने पलीकडच्या ठाण्यात फोन लावला. तिकडच्या कोणीतरी झाकण काढून फोटो पाठवला. काहीच दिसत नव्हतं. दुसरा आला, तोही तसाच. तेव्हा भाऊंनी फोन आपल्या हातात घेतला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागले. "साहेब, फ्लॅश बंद करो. खिडकी के पास ले जाव. नहीं नहीं, नजदीक मत जाव, थोडा दूर रहके बडा करो. अब उंगली दाबके रखो..." इतक्या शांतपणे सांगत होते, जणू मला दुपारी काही दाखवत आहेत. मला वाटतं, त्या दोन मिनिटांत त्यांना फक्त फोटो दिसत होता. कमलाबाई बाकावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

तिसरा फोटो साफ आला. 'सु', आणि पुढे नंबर. भाऊंच्या फोटोतलाच.

भाऊंनी फोन माझ्या हातात दिला. कमलाबाईंनी फोटोकडे पाहिलंच नाही, त्या भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. मग त्या उठल्या, दुकानाच्या पायरीवर गेल्या आणि तिथेच खाली बसल्या. शांताबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, घरातून पाणी आणलं. ते कमलाबाई प्यायल्या नाहीत. कपाळावरचं कुंकू त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं, रडल्या मात्र नाहीत... रडले ते भाऊ, त्या गेल्यावर. "इतका साफ फोटो काऊन काढाले लावला म्या?" पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "वाट पाहून राह्यली होती ना ते. माह्यापाशी येईपर्यंत त्याईचा नवरा जित्ता होता, विलास."

त्यानंतर त्यांनी फोटो काढणं बंद केलं. घडी आली की नुसती डबीत टाकत. खिडकीपाशी बसत, पण पाठ करून. मी एकदोनदा विषय काढला तर "राहू दे" म्हणाले.

पाऊस उघडून शेतात धान पिवळं पडू लागलं होतं तेव्हा कमलाबाई पुन्हा आल्या. पोलिसांकडून घडी मिळाली होती. रुमालात बांधून आणली होती. त्यांची मुलगी नर्सिंगला लागली होती आणि नाडी मोजायला तिला सेकंदकाट्याची घडी हवी होती. "बापाचीच घालतो म्हणते. चालू करून द्या." भाऊ घडी हातात घ्यायला तयार होईनात. खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुमाले तो फोटो दाखवाले नाई पाह्यजे होता." कमलाबाई म्हणाल्या, "दोन वर्सं एसटी आली की फाट्यावर जाऊन उभी राहत होतो, भाऊ. लोकं हासत. पोरगी म्हणे, नको जाऊ. आता जात नाई." एवढंच. नंतर त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि घडी टेबलावर ठेवली.

भाऊंनी टेबल फिरवून पुन्हा खिडकीला लावलं. डबे काढले. चिठ्ठी लिहिताना त्यांचा हात एवढा हलत होता की शेवटी मी लिहिली. मालकाच्या जागी काय लिहू, म्हणून मी विचारलं. कमलाबाईंनी मुलीचं नाव सांगितलं. फोटो निघाला. मग मी घडी घट्ट धरली, भाऊ सांगत गेले, आणि माझ्या फोटो कापणाऱ्या अडाणी हातांनी आम्ही त्या दिवशी ती घडी चालू केली.

त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. मागच्या आठवड्यात शांताबाईंनी दुकान उघडलं. खणात दुरुस्त होऊन पडलेल्या अकरा घड्या निघाल्या, लोक न्यायलाच आले नव्हते अशा. "तुमी पोचवून द्या बाप्पा," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याची वस्तू घरात नाई पाह्यजे." फोनमधल्या फोटोंवरून मी घड्या जुळवल्या, नावं-गावं लिहून घेतली आणि रविवारी मोटरसायकल काढली. बहुतेकांना बातमी कळलेली होती. दारात उभं राहून दोन शब्द बोलत, चहा घ्या म्हणत, घडी कानाला लावून पाहत.

शेवटचं गाव जंगलाला लागून होतं. एक म्हातारे आजोबा अंगणात मोहाची पानं टाचून पत्रावळी करत बसले होते. त्यांनी घडी ओळखली. काडीसारख्या मनगटावर ती चढवली, हात लांब करून पाहिली, जवळ आणून पाहिली. मग म्हणाले, "म्या तं आस सोडली होती. घडीवाले भाऊ कसे हायेत? त्याईचे हात लय कांपत."

सकाळपासून दहा घरी मी भाऊ गेल्याचंच बोलत आलो होतो. अकराव्यांदा तोंडातून निघेना.

"बरे आहेत," मी म्हणालो.

"त्याईले सांगजा, घडी पोचली म्हणून."

"सांगतो," म्हणालो, आणि गाडीला किक मारली.