ब्रिस्टलला, न दिसणाऱ्या ओळीसाठी

आमच्या आप्पांनी, वय वर्षं चौऱ्याऐंशी, निवृत्त डॉक्टर, फर्मान काढलं: "दसऱ्याच्या आत टाइपरायटर चालू झाला पाहिजे. रेडवेवरच्या, आपल्या सायकलवाटेवरच्या, बंद दिव्याबद्दल कौन्सिलला पत्र लिहायचंय."

"ईमेल करू या ना, आप्पा."

"ईमेल कुणीही करतं."

हात थरथरतो, त्यामुळे पेन सुटलंय. राहिलं होतं ते कार बूट सेलमधलं, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून मांडलेल्या जुन्या बाजारातलं, हे पुराणयंत्र. तेही अडकलं.

आमच्या मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउट्सना यथाविधी प्रदक्षिणा घालून शनिवारी आठला ब्रिस्टलला निघालो. मागच्या सीटवर टाइपरायटर, सीटबेल्ट लावून. अडीच तास धरा. डबा न्या, मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमधल्या सँडविचपेक्षा कारपार्कमधलं गार थालीपीठ बरं.

ज्या कारखान्यात हे यंत्र जन्मलं, तिथे आता फ्लॅट्स आहेत; तळमजल्यावर चिमुकलं संग्रहालय. प्रवेश फुकट, पार्किंग मात्र नाही. विमानांच्या इंजिनांच्या कामातून निवृत्त झालेले ग्राहम तिथे दुरुस्ती करतात. त्यांनी कहाणी सांगितली. शेडमध्ये सुरू झालेली कंपनी बघता बघता ऑफिसाऑफिसांत पोचली. पण हिच्या यंत्रांत अक्षरं खालून, रुळाच्या पोटाशी उमटत. कॅरेज, म्हणजे तो रुळाचा भाग, उचलल्याशिवाय ओळ दिसत नसे. मीमांसकांच्या अदृष्टासारखं: कर्म आत्ता, फळ मागाहून. इतरांनी ओळ दिसणारी यंत्रं काढली. मालक म्हणाले, चांगल्या टायपिस्टला बघायची गरजच काय? गिऱ्हाइकांना होती. कारखान्याला टाळं लागलं.

ग्राहमनी यंत्र उघडलं. "हा गंज नाही. काय आहे हे?"

"कुंकू," आप्पा म्हणाले. दर दसऱ्याला आई यंत्राची पूजा करायची. वरवर नाही, देवाला आत पोचता यावं म्हणून नेमकी फटीतून.

चिमट्यात काहीतरी आलं. "आणि हे?"

"अक्षता. म्हणजे तांदूळ."

"चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली," ग्राहम म्हणाले, "पण त्यांना जेवू कुणी घातलं नव्हतं." मग हळूच, "चालवायचं तर हे सगळं स्पिरिटनं धुवावं लागेल."

आईला जाऊन तीन वर्षं झाली. मी म्हटलं, "आप्पा, तसंच परत नेऊ या का?"

त्यांनी त्या लाल थरावरून एकदा बोट फिरवलं. "अरे, हे चालावं म्हणूनच ती पूजा करायची ना? धुऊ दे त्यांना."

धुतलेलं, चालू झालेलं यंत्र परतताना पुन्हा मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून.

दसऱ्याला आप्पांनी कुंकवाचं बोट फटीपर्यंत नेलं, थांबले, आणि झाकणाला टेकवलं. मग कौन्सिलचं पत्र सुरू झालं, एकेक अक्षर, खणखणीत. पहिली ओळ संपली. कॅरेज उचलून बघायची त्यांना घाई दिसली नाही.