झोप लागली की गाडी पास

"झोपलात तुमी! तोंड उघडं टाकून झोपलात!"

"मग? झोपलो म्हणजे गाडी पास. तीस वर्षं हाच कायदा हाय आपल्या शेडचा."

"कायदा म्हातारा झाला. तुमीपण झालात."

"वत्सले, गिऱ्हाइकासमोर नको गो."

"उद्या गिऱ्हाईक माळशेज घाटात वऱ्हाड घेऊन चाललंय. आज नको तर कधी बोलू?"

गिऱ्हाईक, म्हणजे धसईचा जीपवाला भावेश, उलट्या डब्यावर बसून चहा पीत होता. "काकी, घाटाचं नाव घेऊ नका ना," तो म्हणाला. "चहा घशात अडकतो."

धसईच्या रस्त्याला, मुरबाड मागे टाकलं की मोहाच्या झाडाखाली एक पत्र्याची शेड आहे. तिथला जयराम म्हणजे पाटेवाला. जुन्या जीपच्या, टेम्पोच्या पोटाखाली पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, ते पाटे. रस्त्याचे सगळे धक्के आधी ते खातात आणि मग उरलेले माणसाला देतात. खाऊन खाऊन ते सपाट होतात, तुटतात. जयराम त्यांना भट्टीत लाल करतो, ठोकून पुन्हा कमान देतो, तेलात विझवतो. नव्या गाड्या त्याच्याकडे येत नाहीत. जुन्या मात्र शहापूरहून, सापगावहूनसुद्धा डोलत, कण्हत येतात.

हे काम तो कसाऱ्याला शिकला. थळ घाट उतरून आलेले ट्रक तिथं पाटे मोडून उभे राहायचे. एका दुपारी स्वतःच दुरुस्त केलेल्या ट्रकमधून, रिकाम्या गोणींवर पडून तो गावी परतत होता. कधी डोळा लागला कळलंच नाही. स्वप्नात रस्ताच नव्हता. नुसती काळू नदी होती, ट्रक तिच्यावरून पानासारखा चालला होता आणि काठावरची माणसं हळू आवाजात त्याचं नाव घेत होती. जागा झाला तेव्हा ट्रक त्याच्याच वेशीवर उभा होता. वाटेतले सगळे खड्डे तो झोपेत ओलांडून आला होता.

तेव्हापासून हा कायदा. काम झालं की गाडीच्या मागच्या बाजूला गोणी अंथरायची, जयरामनं आडवं व्हायचं, गिऱ्हाइकानं टोकावड्याच्या दिशेनं गाडी न्यायची. टोकावडं येईपर्यंत झोप लागली तर गाडी पास. नाही लागली तर पाटे पुन्हा खाली. आणि जयराम झोपेत असताना गाडीत कुणी अवाक्षर काढायचं नाही.

परत आल्यावर ड्रायव्हर विचारतात, "काका, आज काय दिसलं?"

जयराम सांगतो. भाजीच्या टेम्पोत त्याला पिकलेल्या भाताचं शेत दिसलं होतं, कणसं सगळी एका बाजूला कललेली. शाळेच्या गाडीत बगळे दिसले, एकेक बाकावर एकेक बसलेला. ज्याच्या गाडीत पाणी दिसलं तो ड्रायव्हर पेढे घेऊन येतो. तेवढे पाटे वर्षानुवर्षं हूं की चूं करत नाहीत, अशी या रस्त्यावरची समजूत.

"आज काय दिसलं, ते तरी विचारा की कोणी," जयराम रुसून म्हणाला.

"नको," त्याची बायको वत्सला म्हणाली. "परवा शेजारच्या भिमीच्या ओट्यावर बाकड्यावर बसल्या बसल्या झोपलात. त्या बाकड्याला कुठले पाटे होते? पंचायतीच्या सभेत झोपलात. माझ्याशी भांडता भांडता झोपलात! तुमाला आता दगडावरपण झोप येते. मग तुमची झोप गाडी कशी पास करणार?"

भावेशनं कप खाली ठेवला. शेडमध्ये फक्त भट्टीतली राख निवत होती. बाहेर मोहाची फुलं टपटप पडत होती आणि तो गोडसर, गुंगवणारा वास सगळ्यांच्या डोळ्यांवर येत होता.

"तुला काय दिसलं गाडीत?" जयरामनं हळू विचारलं.

"गाडीत नाय. गाडीमागं. या."

तीस वर्षं वत्सलानं भट्टीचा भाता ओढला आहे, पाटे लांबीनं लावून हातात दिले आहेत. ती सूप भरून राख घेऊन बाहेर गेली आणि शेडमागच्या सपाट जमिनीवर पातळ पसरली. "भावेश, गाडी यावरून सरळ ने. सरळ हां."

जीप राखेवरून गेली. पुढच्या चाकांच्या नक्षीच्या माळा उमटल्या, मागच्या चाकांनी त्यांच्यावरूनच जायला हवं होतं. मागची चाकं बाजूनं गेली होती. दोनाच्या चार माळा झाल्या होत्या. जीप खेकड्यासारखी तिरकी चालली होती.

जयराम उकिडवा बसला. मग त्यानं सुताचं भेंडोळं काढलं. उजव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सूत धरलं, गाठ मारली. तेच सूत डाव्या बाजूला धरलं. दीड बोट कमी पडलं.

"मागचा डावा पाटा उलटा बसवला मी," तो म्हणाला.

"म्हणजे?" भावेशनं विचारलं.

"पाट्याचा सेंटर बोल्ट मधोमध नसतो रे. पुढची बाजू आखूड, मागची लांब. मी लांब बाजू पुढं केली, म्हणून डावं चाक मागं सरकलं. एवढं तर पहिल्या दिवशी शिकवतात." तो जीपकडे बघत राहिला. "तुला स्टेअरिंगला कळलं नाय?"

भावेश खाली बघू लागला. "कळलं. गाडी एका बाजूला ओढत होती. पण तुमी झोपला होतात, काका. तुमी झोपल्यावर कोण बोलणार?"

वत्सलानं जॅक आणून ठेवला.

दुपारभर दोघं नवराबायको जीपखाली होते. पाटा धरून ठेवणारे यू बोल्ट सुटले, पाटा फिरला, पुन्हा आवळला. खालून दोन आवाज येत होते, "अजून घ्या", "एवढा पुरे", "डोकं सांभाळा". ऊन पत्र्यावरून सरकत भट्टीवर आलं, मग भिंतीवर चढलं. नवी राख पसरली. जीप तिच्यावरून गेली आणि मागच्या चाकांनी पुढच्यांच्या माळा पुसून त्यावर आपल्या काढल्या. दोनच माळा.

जयरामनं दोन्ही बाजूंना सूत धरलं. गाठ दोन्हीकडे त्याच जागी आली.

"पास," तो म्हणाला. उघड्या डोळ्यांनी कुठलीही गाडी त्यानं आजवर पास केली नव्हती.

भावेशनं सवयीनं मागे गोणी अंथरली होती. तो दार धरून उभा राहिला. "या ना काका. एक फेरी. बिनस्वप्नाची गाडी घाटात कशी नेऊ?"

"तुझी गाडी सरळ हाय. तेवढं बस हाय."

वत्सलानं पदरानं तोंडावरची राख पुसली. सकाळचा भांडणाचा आवाज आता तिच्यापाशी नव्हता. "अवो," ती म्हणाली, "माप मी बघेन. राख मी टाकेन. तुमी आपले झोपा. मी काय झोपू नका बोलले का? काय दिसतं ते तरी सांगत जा आमाला. सांगाल ना?"

जयरामनं सूत बोटांभोवती गुंडाळलं, खिशात घातलं, आणि उघड्या दारावरून, अंथरलेल्या गोणीवरून नजर फिरवून, पाठ फिरवून तो मोहाखालून टोकावड्याच्या रस्त्यानं पायीच चालत गेला.