आक्कानं वाचून दाखवलेलं पुस्तक

माझी मोठी बहीण पाचवीपर्यंत शिकली. तेवढ्या शिक्षणावर तिनं मला वाचनाची गोडी लावली, आणि त्या गोडीपायीच मी आज बीडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. पण आक्कानं मला वाचून दाखवलेलं पहिलं पुस्तक कुठलं, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघायचं. आईबाप आम्हा दोघींना बरोबर न्यायचे. त्या वर्षी आमची टोळी कड्याच्या साखर कारखान्याकडे होती. मी सहा वर्षांची, आक्का अकराची. आईबाप पहाटेच उसाच्या फडात जायचे आणि दिवसभर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, आम्ही दोघीच असायचो. पाणी भरणं, भाकरी करणं, मला सांभाळणं हे सगळं आक्काकडे होतं. शाळा सुटली ती तेव्हाच.

एकदा बाप बाजारातून शेंगदाणे घेऊन आला. दुकानदार पुड्या बांधायला एका पुस्तकाची पानं फाडत होता. बापानं उरलेलं पुस्तक मागून घेतलं. कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानं गेलेली, शेवटचीही गेलेली. ते त्यानं आक्काच्या हातात दिलं, बोलला काहीच नाही. तिची शाळा सुटल्याचं त्याला लागलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

दुपारी भांडी झाली की आक्का कोपीच्या सावलीला बसून मला ते वाचून दाखवायची. डोंगरातल्या एका गावात टपाल पोचवणारा माणूस राहत असतो. तो आजारी पडतो आणि त्याची मुलगी टपालाची पिशवी घेऊन निघते. गंमत म्हणजे त्या मुलीचं नाव माझंच होतं. तिच्याबरोबर एका कानानं अधू असलेला कुत्रा होता. नदीला पूर येतो, मुलगी काठावर अडकते, तेव्हा तो कुत्रा पिशवी तोंडात धरून पलीकडे पोहत जातो. त्या हंगामात मी ही गोष्ट वीस-पंचवीस वेळा तरी ऐकली असेल. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, कोपी मोडली, त्या गडबडीत पुस्तक हरवलं.

कॉलेजात लागल्यावर मला ऑनलाइन सूचीवर काम करायला शिकवलं. कितीतरी ग्रंथालयांतली पुस्तकं एकाच ठिकाणी शोधता येतात, हे पाहून पहिल्यांदा मला तेच पुस्तक आठवलं. आक्काला काही सांगायचं नाही, पुस्तक शोधायचं आणि एक दिवस एकदम तिच्या हातात द्यायचं, असं मी ठरवलं. तेव्हा ती लग्न होऊन दिंद्रुडला नांदत होती.

पुस्तकाचं नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. त्यामुळे त्या दोन रकान्यांचा उपयोग नव्हता. मी ‘कोणताही शब्द’ या रकान्यात माझं नाव, टपाल आणि कुत्रा असे तिन्ही शब्द घातले. एकही पुस्तक आलं नाही. कुत्रा ऐवजी श्वान घातलं, टपाल ऐवजी डाक, पोस्ट घातलं. माझं नाव ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहिलं, कारण सूची करणारा प्रत्येकजण आपल्या सवयीनं लिहितो. विषयाच्या रकान्यात ‘बालकथा’ टाकली तर हजारो पुस्तकं आली. वर्षांची मर्यादा घालून ती कमी केली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक नोंद उघडून पाहू लागले. असं अधूनमधून तीन-चार वर्षं चाललं. शेवटी मला वाटायला लागलं, की ते पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात नसावं.

मग एके दिवशी फोनवर बोलताना मी आक्काला सगळं सांगून टाकलं. काय काय शब्द घालून पाहिले तेही सांगितलं.

“अगं, तुझं नाव म्या घातलं व्हतं,” ती म्हणाली. “पुस्तकातली पोर दुसरीच व्हती. तू रडायचीस, आईपाशी जायचं म्हणून. तुझं नाव घेतलं की गप बसायचीस.”

“आणि कुत्रा?”

“कुत्रा न्हवताच पुस्तकात. पोर नदीपाशी येती अन् तिथंच पानं फाटलेली. तिथून म्होरं म्या मनानंच रचलं.”

ज्या दोन गोष्टींच्या आधारानं मी इतकी वर्षं शोध घेत होते, त्या दोन्ही छापलेल्या नव्हत्याच. अकरा वर्षांच्या पोरीनं लहान बहिणीसाठी त्या बनवल्या होत्या. मला रागबिग काही आला नाही. डोळे मात्र भरून आले.

मग मी तिला विचारलं, की खरंच छापलेलं असं काय आठवतंय. तिनं थोडा विचार केला. एका प्रकरणाचं नाव तिला आठवत होतं, घुंगरकाठी. टपालवाल्याच्या काठीला घुंगरं बांधलेली असायची, तिच्यावरून.

फोन ठेवल्या ठेवल्या मी ‘घुंगरकाठी’ टाकलं. काही नाही. मग लक्षात आलं, की घुंगर, घुंगरू, घुंगुर असं कसंही लिहिलेलं असू शकतं. फक्त ‘घुंग’ एवढीच अक्षरं टाकून पुढे ताऱ्याची खूण (*) टाकली, म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारा कुठलाही शब्द चालेल. तमाशा, नाच, लोकगीतं यांची बरीच पुस्तकं आली. त्यातून बालवाङ्मय तेवढं वेगळं काढलं. एकच नोंद उरली. खाली टिपेत सगळ्या प्रकरणांची नावं लिहिली होती आणि चौथं होतं ‘घुंगुरकाठी’.

ते पुस्तक दूरच्या एका शहरातल्या जुन्या ग्रंथालयात होतं. आमच्या कॉलेजतर्फे मी ते काही दिवसांसाठी मागवलं. आल्यावर शेवटची पानं मी मुद्दाम उघडली नाहीत. रविवारी सकाळची एसटी धरून दिंद्रुडला गेले.

आक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. हात पुसून तिनं पुस्तक घेतलं, चष्मा लावला, आणि आधी सगळ्या पानांवरून नुसताच हात फिरवला. मग नदीची जागा काढून तिथून मोठ्यानं वाचायला लागली. मी समोर बसून ऐकत होते. पुस्तकातली मुलगी दोन दिवस काठावर थांबते. अंगावरचं घोंगडं पिशवीवर घालते आणि आपण पावसात भिजते. तिसऱ्या दिवशी पाणी उतरतं, ती टपाल पोचवून घरी येते. तिला बक्षीस कोणी देत नाही. बाप अंथरुणावरून एवढंच विचारतो, की पायाला काटे तर लागले नाहीत ना.

आक्कानं पुस्तक मिटलं. “आपला बाप बी असाच व्हता,” ती म्हणाली. “बोलायचा न्हाई, पर बघायचा आधी पायाकडं.”

आमचा बाप जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मग मी तिला सांगितलं, की मला अजून तिचाच शेवट जास्त आवडतो. ती हसली. म्हणाली, “लई खोटा हाय गं त्यो.”

पुस्तक परत पाठवताना मी त्या ग्रंथालयाला पत्र लिहिलं. प्रकरणांची नावं ज्यांनी नोंदवली त्यांचे आभार मानले आणि त्यामुळे काय झालं ते थोडक्यात कळवलं. महिन्याभरानं उत्तर आलं. नोंद करणाऱ्या बाई निवृत्त झाल्या होत्या. मुलांच्या पुस्तकांना नाव आणि लेखक एवढंच पुरे असं ठरलेलं असताना त्या हट्टानं प्रकरणं लिहायच्या, आणि त्यामुळे काम रेंगाळतं म्हणून बोलणी खायच्या. माझं पत्र त्यांच्या घरी पोचवल्याचं उत्तरात लिहिलं होतं. त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. पण नवीन पुस्तकाची नोंद करताना आता मीही प्रकरणं घालते, आणि आमचे साहेब घड्याळाकडे पाहतात तेव्हा मला त्या बाईंचीच आठवण येते.

गेल्या वर्षी आक्का दवाखान्याच्या कामानं बीडला आली होती. मी तिला ग्रंथालयात नेलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. तिनं विचारलं, की यात काय पण विचारता येतं का. मी हो म्हटल्यावर तिनं एका बोटानं अक्षरं शोधत ‘तुती’ लिहिलं. शेजारच्या शेतकऱ्यानं रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली होती आणि तिलाही एकराभरात तुती लावायची होती. आमच्याकडेच दोन पुस्तकं निघाली. दोन्ही मी माझ्या नावावर तिला दिली. एक तिनं आठ दिवसांत परत पाठवलं, त्यात कामाचं काही नाही असा निरोप देऊन. दुसरं अजून तिच्याकडेच आहे. मुदत संपत आली की मी ती वाढवते.