मावशीची साक्ष

मावसभाऊ दिनेशचा फोन आला तेव्हा मी मलकापूरच्या माझ्या दुकानात एका साडीला फॉल लावत होते. "ताई, आई गेली," एवढंच तो बोलला. वत्सलामावशीला जाऊन आता महिना होत आला, पण ती साडी अजून तशीच पडून आहे... गिऱ्हाईक समजूतदार निघालं म्हणून बरं.

मावशीचं घर धामणगाव बढ्याला. तिला बोलण्याची अशी घाई, की समोरच्याचं वाक्यसुद्धा हीच पुरं करणार. काका मोजकं बोलणारे. या दोघांचं जमतं तरी कसं, असं माझी आई चेष्टेनं म्हणायची. बीटी कपाशी आली तेव्हा आता फवारणीची कटकट गेली, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मावा-तुडतुड्यांची कीड वाढली आणि पंप पुन्हा पाठीवर आला. एका वर्षी तर कपाशी डोक्याच्या वर गेली होती. काका तोंडाला फडकंही न बांधता दिवसभर फवारत राहिले. घरी आले ते घामानं निथळत, भलतंच बरळत. मावशी पाणी द्यायला पुढे गेली, तर त्यांनी कोपऱ्यातला विळा उचलला. तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. काकांना पुढे त्यातलं काहीच आठवलं नाही.

दवाखान्यातून प्रकरण पोलिसांत गेलं, खटला उभा राहिला. काकांच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं: फवारणीचं औषध नकळत अंगात भिनलं, त्या भ्रमात आपण काय करतोय हे या माणसाला कळतच नव्हतं, तेव्हा हा गुन्हा नाही. डॉक्टरही तेच सांगणार होते. मावशीनं फक्त पाहिलं तेवढं बोलायचं होतं. पण वेड्याला शिक्षा होत नाही, असं गावात कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं. झालं! साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "साहेब, हे पह्यलेपासूनच येडे हायेत. लग्नाच्या वक्ती बी होते." मी मागच्या बाकावर होते. वकिलांनी कपाळाला हात लावला. काका नुसते तिच्याकडे पाहत राहिले. पुढच्या साक्षीदार नातेवाइकांनी तिचीच री ओढली. काका निर्दोष सुटले, पण वेडे म्हणून. आणि सुटून गेले ते घरी नाही, मनोरुग्णालयात.

काही महिन्यांनी परत आले तेव्हा ते पूर्वीइतकेच शहाणे होते. गाव मात्र बदललं होतं. बैठकीत ते बोलू लागले की लोक एकमेकांकडे बघून हसू दाबत. एकदा माझ्यासमोरच ते मावशीला म्हणाले, "जेलातून तं माणूस सुटते वं. याच्यातून मी कसा सुटू?" "मी खोटं बोलली, लिवून घ्या," म्हणून ती वकिलांकडेही जाऊन आली होती. त्यांनी समजूत घालून परत पाठवलं. तिनं एक वाक्य कमी बोलायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. पण नवऱ्याला वाचवायला निघालेल्या बाईला थांबवणार कोण?

त्यानंतर तिनं एक सवय लावून घेतली. घरात चार माणसं बसली, काही विषय निघाला, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "थांबा, यायले इचारा." बियाणं कोणतं घ्यायचं, दिनेशला स्थळ कोणतं पाहायचं, इतकंच काय, पाहुण्यांच्या चहात साखर किती टाकायची... सगळं काकांना विचारून, मुद्दाम मोठ्यानं. काका घसा खाकरून बोलू लागले, की ही दारात येऊन उभी राहायची आणि त्यांचं संपेपर्यंत गप्प. मग इतरांनाही ऐकावंच लागे.

मावशीच्या तेराव्याला मी गेले होते. यंदा कपाशी लावायची की सोयाबीन, यावर ओट्यावर भाऊबंदांचं बोलणं चाललं होतं. भिंतीशी बसलेल्या काकांनी घसा खाकरला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत बायका भांडी आवरत होत्या. मी तोंड उघडेपर्यंत सोयाबीन ठरलंसुद्धा.

काका अजून दाराकडेच पाहत होते.