हात लावण्याआधी फोन

दोन म्हाताऱ्यांनी दोन तालुक्यांत एकच काम मांडलं की किस्से आपोआप साठत जातात. लोक हसतात. मला मात्र सांगताना अजून धडधडतं.

मी शहापूरला, माझा मित्र किसन मुरबाडला. दोघेही निवृत्त प्राध्यापक, दोघांना नाद रानभाज्यांची माहिती जमवण्याचा. माझ्या भाच्याने आमचे कॉम्प्युटर जोडून दिले. इथे केलेला बदल तिथे आपोआप होणार! म्हणजे इथली चूकही तिथे जाणार, हे मला त्याच क्षणी सुचलं.

*

एका सकाळी पडद्यावरची अक्षरं बोराएवढी झाली. डोळे गेले की मेंदू, या भीतीने मी डॉक्टर गाठला. डोळे ठणठणीत निघाले. किसनला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "मला दिसत नव्हतं रे. मीच मोठी केली."

*

मग एकदा पडद्यावर हिरावहिनी हसताना दिसल्या. किसनची बायको, जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मी खुर्चीसकट मागे सरकलो. त्याने स्वतःच्या पडद्यावर फोटो लावला होता. काढ म्हणायची माझी छाती झाली नाही.

*

टाकळ्याच्या भाजीचं पान एकाच वेळी दोघांनी दुरुस्त केलं आणि त्याच्या दोन प्रती झाल्या. त्याने माझी जास्तीची समजून पुसली, मी त्याची. तेव्हापासून नियम ठरला: आधी फोन करायचा, "हात लावू का?" समोरून "लाव" आलं की मगच. पीएचडी झालेला मी, कॉम्प्युटरवर साधी तारीख बघायलाही परवानगी मागू लागलो.

*

आणि परवा दुपारी त्याने फोन न करता साफसफाई काढली. मग फोन आला. "हिरीचा आवाज पुसला रे. कचऱ्याचा डबापण रिकामा केला. आता कुठंच नाय."

शेवळांच्या भाजीत काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा कसा खाजतो, हे वहिनी सांगतात ते रेकॉर्डिंग. त्यांचा आवाज तेवढाच उरला होता.

माझा कॉम्प्युटर बंद होता. मी आधी इंटरनेटची तार उपटली, मग तो सुरू केला. फाइल होती.

किसन मिळेल त्या एसटीने आला. आम्ही पडद्यासमोर शेजारी शेजारी बसलो. मी माउसकडे नेलेला हात मागे घेतला. त्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

बऱ्याच वेळाने त्याने एक हात सोडवून मोबाइल काढला. माझ्या खिशात रिंग वाजली. मी फोन उचलला.

पडद्यावरची नजर न हलवता शेजारच्या खुर्चीतून तो म्हणाला, "हात लावू का?"