बोटाएवढी रेघ

मी जमीन मोजणीच्या कामात आहे. राहायला सोलापुरात, पण त्या उन्हाळ्यात रोज सकाळी पहिली एसटी धरून मोहोळच्या पुढं, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका गावात जात होते. गावठाणातल्या घरांच्या हद्दी ठरवायचं काम होतं. आधीच्या थंडीत गावावरून ड्रोन उडवून फोटो काढले होते. त्याच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीवर चुना टाकला होता, म्हणजे वरून पांढरी रेघ दिसावी. आता दारोदार जायचं, घरवाल्यांच्या समोर टॅबवर त्या फोटोतल्या चुन्यावरून हद्दीची रेघ ओढायची आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या टॅबवरच घ्यायच्या, एवढंच माझ्याकडं होतं.

टॅबबरोबर ऑफिसनं रबरी टोकाचं एक पेन दिलं होतं. पहिल्याच दिवशी, तिसऱ्या घरापाशी, त्याचं रबर फाटलं. मी फारसा विचार केला नाही. बोट होतंच. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतली सतरा घरं मी बोटानं आखली. उन्हात स्क्रीन दिसत नव्हती म्हणून गावचे कोतवाल माझ्यावर छत्री धरून उभे असायचे. साधा, पन्नाशीचा माणूस. तलाठ्याच्या हाताखाली सगळं आयुष्य गेलेलं, त्यामुळं गावातलं कोणतं घर कोणाशी बोलत नाही हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनीच मला सांगितलं की उद्या वरच्या आळीला जायचंय, तिथं एक दीर-भावजयीचा बोळ आहे, जरा सांभाळून.

बोटानं काम होत होतं, पण मला बरं वाटत नव्हतं. रेघ ओढताना ती नेमकी कुठून चाललीय ते बोटाखाली झाकून जायचं. फोटो मोठा करावा तर तो फुटून नुसते ठिपके दिसायचे. आणि एकदा ओढलेली रेघ सरकवता येत नव्हती, पुसून नव्यानं ओढावी लागायची. ती पुसताना लोक बघत असत. म्हणून त्या संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर घरी न जाता मी तशीच नव्या पेठेत गेले. मोबाइलच्या दुकानात एकानं तीन प्रकारची पेनं काढून दाखवली. एक पुन्हा रबराचंच. एक चार्ज करायचं, ते आमच्या टॅबशी जुळेना. तिसऱ्याचं टोक बारीक होतं आणि त्याला खाली कपाळावरच्या टिकलीएवढी पारदर्शक चकती होती. चकतीतून खालचं सगळं दिसत होतं. मी टॅबवर दहा-बारा वेळा ओढून बघितलं आणि तेच घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पेनानं तीन घरं झाली, आणि इतकी सुरेख झाली की माझी मान मोकळी झाली. मग आम्ही त्या बोळात गेलो.

दोन घरं समोरासमोर, मध्ये पाच-सहा पावलांचा बोळ. एका घरात थोरल्या भावाची बायको, नवरा नुकताच गेलेला. दुसऱ्यात धाकटा भाऊ. बाईच्या घराचं मागचं दार त्या बोळात उघडत होतं, दाराशी एक दगडी पायरी, पुढं धुणं धुवायचा दगड. हद्द पायरीच्या पलीकडून गेली तर बाईचं दार तिच्या जागेत उघडणार, पायरीच्या अलीकडून गेली तर दिराच्या. थोरल्यानं आपल्या हातानं टाकलेला चुना फोटोत दिसत होता, पण अंधूक. दीर म्हणत होते की चुना टाकला त्या दिवशी ते रानात होते, तो चुना त्यांना मान्य नाही. आम्ही पोचलो तेव्हा निम्मी आळी बोळाच्या दोन्ही तोंडांना उभी होती.

मी टॅब दोघांच्या मध्ये धरला आणि पेन टेकवलं. तेवढ्यात दिराच्या मुलानं, तोही चांगला तिशीचा, पुण्याहून खास रजा टाकून आलेला, नीट दिसावं म्हणून टॅब आपल्याकडं ओढला. मी सोडला नाही. त्या ओढाताणीत पेन हातातून सुटलं, कोणाच्या तरी चपलेखाली आलं आणि चकतीचे दोन तुकडे झाले. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण बाई म्हणाली मुद्दाम केलं, आणि मग पाच मिनिटं कोणाचं कोणाला ऐकू येईना.

मी म्हटलं, आज राहू द्या, उद्या नवीन पेन घेऊन येते. ते दोघांनाही नको होतं. मुलाची रजा संपत होती. बाई म्हणाली की तिच्या हद्दीचं काम आजवर तीनदा पुढं ढकललंय, आता चौथ्यांदा ती ऐकणार नाही. मग बोटानंच ओढते म्हणून मी बोट टेकवलं, तर दीर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं बोटच हद्दीपेक्षा जाड हाय की."

ते खरं होतं. त्या फोटोवर माझ्या बोटाखाली फूट-दीड फूट जमीन झाकली जात होती, आणि भांडण होतं ते तेवढ्याच जमिनीचं. टॅब तापून स्क्रीन मंद व्हायला लागली होती. माझे हात घामानं ओले होते आणि सगळे माझ्या हातांकडंच बघत होते.

काहीतरी टोकदार पाहिजे होतं. पण नुसतं टोकदार चालत नाही. या काचेला अंगाचा स्पर्श लागतो, लाकूड-प्लास्टिक टेकवलं तर तिला कळत नाही. ओला कापूस किंवा धातू हाताला जोडलेला असला तर कळतं, हे मला माहीत होतं. मी तसं सांगितल्यावर बाई घरात गेली आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी घेऊन आली. दिरांनी मान हलवली. तिच्या घरची वस्तू नको म्हणाले. मग त्यांच्या मुलानं आणलेली कान साफ करायच्या कापसाच्या काड्यांची डबी बाईनं नाकारली.

माझ्या डब्यात चपात्या ज्या चंदेरी कागदात गुंडाळल्या होत्या, तो मी काढला. तो कोणाच्याच घरचा नव्हता. कापूस कोतवालांनी देवळातून आणला. बोळाच्या टोकाला मारुतीचं देऊळ, तिथं गुरवाच्या घरच्या बाई वाती वळत बसल्या होत्या, त्यांनी दोन लांब वाती दिल्या. देवाच्या म्हणून नव्हे, दोन्हींपैकी कुठल्याच घरातून आल्या नव्हत्या म्हणून त्या चालल्या.

आम्ही सगळेच देवळाच्या पारावर गेलो, तिथं सावली होती. मी माझ्या बॉलपेनातली रिफिल काढली. वात पीळ घालून घट्ट केली, पुढच्या भोकातून ओवली, आणि टोक ज्वारीच्या दाण्याएवढं बाहेर ठेवून बाकीचं कोतवालांच्या अडकित्त्यानं कापलं. वातीला लागेल असा कागद पेनावर गुंडाळत आणला, म्हणजे माझा हात कागदाला, कागद वातीला. टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. पहिल्यांदा जास्त भिजलं. काचेवर थेंब पडला आणि रेघ आपोआप वेडीवाकडी पळाली. बोळाच्या बाजूनं कोणीतरी हसलं. मी काच ओढणीनं पुसली, वात दोन बोटांत दाबून पाणी काढलं. या वेळी बारीक ठिपका उमटला.

आता हे पेन खरं की खोटं, कसं पटवायचं? पाराचे दगड घडीव होते, फोटोत त्यांचे कोपरे स्वच्छ दिसत होते. मी म्हटलं, वाद नसलेल्या जागेवर आधी बघू. दीर आणि भावजय दोन्ही बाजूंना, डोकी टॅबवर वाकवून. मी पाराचा एक कोपरा घेतला. वातीचा ठिपका बरोबर कोपऱ्यावर पडला. फरक दिसावा म्हणून त्याच कोपऱ्यावर बोट टेकवलं. ठिपका खाली पडला. दुसरा कोपरा, तेच. तिसरा, तेच. दर वेळी खाली, म्हणजे दक्षिणेला, कारण टॅब मी कायम उत्तर वर करून धरत होते. बोट तिरपं टेकतं. आपल्याला वाटतं टोक लागलं, लागतो तो टोकाच्या खालचा मांसल भाग. अंतर मोजलं तर एक फुटाच्या आसपास भरत होतं.

मला ते कळलं होतं आणि दुसऱ्या कोणाला कळू नये असं क्षणभर वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी टॅब बंद करून चला बोळात म्हणणारच होते.

दीर म्हणाले, "मग खालच्या आळीत बोटानं मारलेल्या रेघा समद्या फूटभर सरकल्यात का काय?"

पारावर खालच्या आळीतलेही चार-पाच जण होते. दोन दिवसांत त्यांच्या सह्या मीच घेतल्या होत्या. कोतवालांनी छत्री मिटवली. तपासून सांगते म्हणता आलं असतं. तसं म्हणायची आमच्याकडं रीतच आहे. पण तीन कोपरे त्या सगळ्यांनी माझ्याबरोबरच बघितले होते.

मी म्हटलं, "हो. सरकल्या असणार. त्या मी परत आखते."

तिथूनच, सगळ्यांच्या समोर, मी आमच्या साहेबांना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. साहेब म्हणाले की इतक्या लोकांसमोर कबूल करायची काय गरज होती, ऑफिसात येऊन सांगायचं. ठीक आहे, शनिवारपर्यंत सगळं दुरुस्त करून द्या, आणि नोटीस मिळेल ती घ्या. मी बरं म्हटलं. फोन ठेवला तेव्हा लोक निवळले होते. एका म्हाताऱ्यानं मला पाणी प्यायला सांगितलं.

बोळातलं काम त्यानंतर वीस मिनिटांत झालं. दोघांना दाखवत, चुन्याच्या बरोबर मध्यातून, मी वातीनं रेघ ओढली. पायरी बाईकडं राहिली, धुणं धुवायचा दगड दिराकडं गेला. मुलगा काही बोलायला लागला, त्याला दिरांनी हातानं थांबवलं. त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला, लहान करायला सांगितला, परत मोठा. मग पेन घेऊन सही केली. बाईनं घेतलं तेव्हा पहिलं अक्षर दोनदा पुसावं लागलं. मला वाटलं अंगठा घ्यावा लागणार. पण तिनं पदरानं तळहात पुसला आणि सावकाश, बाराखडी गिरवल्यासारखं, आपलं पूर्ण नाव लिहिलं. नंतर भावजी म्हणून हाक मारून विचारलं की दगड आजच उचलू का. दीर घरात जाता जाता म्हणाले, "राहू दे की. कुटं पळून चाललाय."

दुसऱ्या दिवसापासून मी खालच्या आळीत. तसलीच चकतीची दोन पेनं घेतली होती, एक हातात, एक पिशवीत. प्रत्येक घरी आधी सांगायचं की मागची रेघ माझ्या चुकीनं सरकली होती, मग नवी ओढायची, मग नव्या सह्या. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या हद्दीच्या बहुतेक घरांना फरक पडत होता. दक्षिणेकडच्या घरांना फूटभर जागा परत मिळाली आणि त्यांनी मला चहा दिला. उत्तरेकडच्या घरांची ती गेली. त्यांतले काही हसले, काही चिडले. एका बाईनं मला दारातच उभं ठेवून अर्धा तास ऐकवलं आणि शेवटी सही केली.

सतरापैकी सोळा झाली. सतराव्या घरचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी मला खुर्ची दिली, दोन्ही रेघा नीट बघितल्या, चुना कुठं आहे तेही बघितलं. नवी रेघ बरोबर आहे हे मान्य केलं. पण सही करणार नाही म्हणाले. आधीची सही त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून केली होती, आणि तेवढ्यावर त्यांनी कुंपणाचे खांब पुरले होते. मला दाखवायला ते उठून बाहेर आले. सहा सिमेंटचे खांब, ताजे, बुडाशी माती अजून ओली. मी त्यांना म्हटलं की खांब काढून परत पुरायचा खर्च मी देते. ते म्हणाले, "खर्चाचं नाही हो, बाई. दोन दिवसांत दोनदा खरं कसं असतं?"

त्यांची हरकत मी शब्द न बदलता लिहून घेतली, तारीख टाकली, खाली माझी सही केली आणि त्यांची घेतली. ते प्रकरण वर गेलं. पुढं वर्षभरानं निकाल नव्या रेघेसारखा लागला, असं कोतवालांनी फोनवर कळवलं. खांब गुरुजींनी काढले की नाही, ते मी विचारलं. अजून तसेच हायेत म्हणाले.