पास्कूचा धर्मप्रांत

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या माघातला रविवार. खामगावातल्या आमच्या भाड्याच्या घरात मिस्सा झाली. दानाच्या ताटात तीन रुपये चाळीस नवे पैसे जमले, ते मी मोजून फादरांच्या स्वाधीन केले. बाकीची कुटुंबं निघून गेल्यावर चौघे उरलो: महिन्यातून एकदा येणारे फादर, मी, माझी पत्नी कतरीन आणि मॅट्रिक होऊन वर्षभर, मी नोकरीला होतो त्याच कापसाच्या जिनिंग कारखान्यात उमेदवारी करणारा आमचा थोरला, पास्कू. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्त्यांचा वास सरकीच्या तेलाच्या वासात मिसळत होता. खिडकीतून येणाऱ्या कोवळ्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू इतके संथ तरंगत होते, की ते खाली पडत आहेत की वर जात आहेत, ते कळू नये.

पास्कूला धर्मगुरू व्हायचं होतं. त्याला आमची कुणाचीच हरकत नव्हती. प्रश्न होता तो धर्मप्रांताचा. धर्मगुरू ज्या बिशपांच्या हाताखाली दीक्षा घेतो, त्यांच्या प्रांताशी तो जन्माचा बांधला जातो. तिथली माणसं ती त्याची माणसं, तिथली माती ती त्याची माती. आमच्यापुढे दोन प्रांत होते. एक मुंबईचा, ज्यात आमची वसई येते. दुसरा अमरावतीचा, ज्यात आम्ही राहत होतो.

माझ्या मनात शंका नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं या रीतीनं कतरीन वसईला गेली होती. पास्कू तिथे जन्मला आणि तिथल्याच देवळात त्याचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा तो वसईचा, हे मी धरूनच चाललो होतो. संध्याकाळी तीन गावांच्या तीन घंटा एकामागून एक वाजतात, पानवेलींच्या वाडीतून ओला गारवा येतो आणि वारा फिरला की खाडीचा खारा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, त्या गावी माझा मुलगा झगा घालून उभा आहे आणि निवृत्त होऊन मी त्याच्या मिस्साला पहिल्या बाकावर बसलो आहे, हे चित्र मी कापसाच्या काट्यावर गाड्या मोजता मोजता किती वेळा पाहिलं असेल! वीस वर्षांपूर्वी मी इथे एका हंगामापुरता आलो होतो. मग दुसरा हंगाम आला. आमचे घरमालक भाऊराव दर दिवाळीला विचारत, "बाबू, घर विकतच घ्या ना आता. काऊन भाडं भरून राह्यले फुकट?" मी म्हणे, "आम्ही आज ना उद्या जाणार." त्यावर ते हसून कतरीनला म्हणत, "वैनी, तुमचा पाव्हना लय चिवट आहे बा. वीस वर्सं झाले, जाऊनच राह्यला!"

फादर दक्षिणेकडचे. मराठी पुस्तकातली बोलत, पण नेमकी. त्यांनी माझं गृहीत एका वाक्यात काढून टाकलं. मूल कुठे जन्मलं हे धर्मशास्त्र पाहत नाही. त्या वेळी बापाचं घर कुठे होतं, हे पाहतं.

"मी सांगतच होते," कतरीन म्हणाली. "बाळंतपणाला माहेरी गेलं म्हणून पोर मामाचं होतं का?"

"आणि घर म्हणजे नुसतं छप्पर नव्हे," फादर पुढे म्हणाले. "कायम राहण्याचा इरादा हवा. याचा जन्म झाला तेव्हा आपण इथे कायमचे राहायला आला होतात का?"

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते माझ्या सोयीचंही होतं. तरी ते मी फादरांकडे न पाहता दिलं. "नाही फादर. कधीच नाही."

"मग याचं मूळ घर वसई. तिकडे हा सरळ जाऊ शकतो. पण दहा वर्षं जिथे काढली तिथे, इरादा असो वा नसो, घर होतंच. म्हणून हा इथलाही होऊ शकतो. फक्त त्याला शपथ घ्यावी लागेल, की मी याच प्रांतात कायम राहीन."

इरादा असो वा नसो! मला वाटलं, कुणीतरी माझ्या पाठीमागे माझं सामान उतरवून घेतलं आहे, आणि तेही फार पूर्वी.

पास्कू शांतपणे म्हणाला, "मी शपथ घेईन."

फादर बस पकडायला निघून गेल्यावर मी पास्कूला समजावलं. तिकडे धर्मगुरू पुष्कळ, सोबत मिळेल, आजारपणात कुणी पाहील. इथे तीन तालुक्यांना एक माणूस. पावसाळ्यात वरवट बकालकडची वाट बंद झाली की तिथल्या दोन ख्रिस्ती घरांना नाताळपर्यंत फादर दिसत नाहीत.

"तेच तर, बाबा," तो म्हणाला. "तिकडे माझ्यावाचून कुणाचं अडणार आहे?" मग हसला. "आणि खरं सांगू? तुमचे सुके बोंबील मला कधी आवडलेच नाहीत. तिकडे गेलो की मामाची पोरं म्हणतात, वऱ्हाडी आला, भाकरी लपवा. तिथे मी पाहुणाच असतो."

कतरीन पदर तोंडाला लावून हसली आणि मग बराच वेळ तिनं पदर खाली घेतला नाही.

मी रागावलो नाही. मला हेवा वाटला. वीस वर्षं मी ज्या वाक्याला बगल देत आलो, ते या मुलानं, गणिताचं उत्तर सांगावं तसं, एका दमात म्हणून टाकलं होतं.

जूनमध्ये तो धर्मगुरूच्या शिक्षणाला निघाला, तेव्हा आम्ही त्याला जलंबपर्यंत पोचवायला गेलो. खामगावची लहान गाडी तिथे मोठ्या मार्गाला मिळते. अमरावतीच्या बाजूची गाडी आधी आली. ट्रंक चढवली, त्यानं आमचे आशीर्वाद घेतले, आणि गाडी पूर्वेकडच्या पांढऱ्या उन्हात लहान होत गेली. थोड्याच वेळात समोरून मुंबईकडे जाणारी पॅसेंजर येऊन थांबली. तिचं एक दार नेमकं माझ्यासमोर उघडं होतं. आत कुणीतरी केळी सोलत होतं, आणि तो वास माझ्यापर्यंत आला. येताना मी परतीचं तिकीट काढलं नव्हतं. एरवी पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसानं ते का काढलं नाही, हे कतरीननं विचारलं नाही. ती बाकावर बसून माझ्याकडे पाहत होती. दार हललं, सरकलं, आणि डब्यांच्या रांगेत कुठलं ते ओळखू येईनासं झालं.

मी तिकिटाच्या खिडकीशी गेलो.

"पोरगा गेला काय, बाबू?" आतल्या माणसानं विचारलं. "मंग आता कुठलं देऊ?"

"खामगाव. दोन."

"जाऊन-येऊन?"

"नाही," मी म्हणालो. "नुसतं जायचं."

ऐंशी नवे पैसे झाले. ते मी मोजून त्याच्या हातावर ठेवले.